देवघराची बाजू

परवा नात आली होती पुण्याहून. ती कॉम्प्युटरचं काम करते. म्हणजे सुट्टी काढून माझ्याकडे येते आणि सुट्टीभर मांडीवर ते उघडून बसते. पोहे गार झाले, चहावर साय धरली, आणि ही फोनवर कुणाला तरी सांगतेय, "अहो, पण माझ्याकडे व्यवस्थित चालतंय!" एकदा नाही, सतरांदा. शेवटी न राहवून विचारलं, बाई गं, तुझ्याकडे चालतंय तर मग भांडतेस कशाला?

तिनं समजावून सांगितलं. मला कळेल अशा बेतानं, म्हणजे बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं. प्रोग्राम लिहून झाला की त्याचं गाठोडं बांधून गिऱ्हाइकाकडे पाठवायचं. कुठली फाइल कुठल्या फोल्डरात जाऊन बसायची, ते गाठोडं बांधतानाच ठरवून द्यायचं. बांधायचं अवजार वेगळं असतं, त्याच्या कानात हे सगळं सांगून ठेवायचं. हिनं काय केलं, तर स्वतःच्या कॉम्प्युटरवरची वाट जशीच्या तशी त्याच्या कानात सांगितली, स्वतःच्या नावासकट. गाठोडं गेलं बंगळूरला. तिथल्या लोकांनी उघडलं, आणि आता ते त्यांच्या कॉम्प्युटरवर हिच्या नावाची खोली शोधतंय. सापडतेय कुठली!

"म्हणजे देवघराची बाजू लिहून दिलीस की गं," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. तुझ्या पणजोबांचा रोग आहे. इतकी वर्षं घरात कुणाला झाला नव्हता, मला वाटलं गेला."

ती हसली नाही. शिकलेल्या माणसांना आपल्या चुका नवीन असतात असं वाटतं. मग पोहे पुन्हा गरम करत तिला जे सांगितलं, तेच इथं लिहिते.

माझं सासर सोलापुरात, विणकरांच्या गल्लीत. गल्लीत सगळी माणसं ओरडून बोलायची, कारण घराघरातले माग त्यांच्याहून मोठ्यानं बोलायचे. मी खेड्यातली. पहिले काही दिवस वाटायचं, ह्या घरात सगळ्यांचं भांडण लागलंय. पुढे कळलं, "चहा ठेव" असंच म्हणत असतात.

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात मामंजी, आमचे हे, आणि मी. मामंजी म्हणजे सासरे. पुढच्या लांब खोलीत चादरींचे हातमाग. खोलीच्या एका अंगाला देवघर, दुसऱ्या अंगाला न्हाणी. आणि मामंजींच्या लेखी जगाला एवढ्याच दोन दिशा होत्या. उजवं-डावं हे शब्द त्या घरात चालत नसत. धोटा कुठं ठेवलाय? देवघराच्या बाजूला. बॉबिनची टोपली? न्हाणीच्या अंगाला. एकदा त्यांचा खांदा धरला, तर दवाखान्यात जाऊन सांगितलं, "न्हाणीकडचा खांदा दुखतोय." डॉक्टर बिचारा नवा होता. त्यानं दुसराच खांदा दाबून बघितला आणि मामंजींनी त्याला अडाणी ठरवून टाकलं. घरी येऊन म्हणाले, "कॉलेजात ह्यांना काय शिकवत्यात कुणास ठाऊक, न्हाणी कुटं तेबी म्हाईत न्हाय."

आता मागाचं थोडं सांगायला हवं. चादरीवरची नक्षी विणणाऱ्याच्या डोक्यात नसते. ती पुठ्ठ्याच्या पत्त्यांत असते. पत्त्यांना भोकं पाडलेली, आणि ते दोरीत ओवून त्यांची लांबच लांब माळ केलेली. मागाच्या डोक्यावर जेकार्ड नावाचा सांगाडा बसवलेला असतो. तो एकेक पत्ता वाचतो आणि भोकं सांगतील तेवढेच धागे वर उचलतो. विणणाऱ्यानं पाय मारायचा आणि आडव्या सुताचा धोटा फेकायचा. नातीला म्हटलं, हाच आमचा प्रोग्राम, फक्त ह्याला झुरळं लागायची. पत्ते ओवायचं काम बायकांचं. माझ्या लग्नाआधी ते वन्सं करायच्या, नंतर मी, आणि वन्सं माहेरी आल्या की आम्ही दोघी.

वन्सं म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहीण. अक्कलकोटला दिलेल्या. त्यांचे यजमान मूळचे पलीकडच्या कानडी मुलखातले, शाळा कानडीत झालेली. मराठी बोलायचे छान, पण वाचता येत नव्हतं. माणूस इतका भला की त्याला कुणी काही सांगितलं, की ते करून टाकायचा. दुसऱ्यांच्या मागावर राबायचे. लग्नात मामंजींनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, जावयाला जेकार्डासकट एक माग देईन. मामंजींनी दिलेला शब्द कधी मोडला नाही. पाळलाही नाही. जपून ठेवला.

मग दुष्काळ सरल्यावर, दोनेक वर्षांनी असेल, वन्सं आल्या त्याच तोंडावर हसू घेऊन. अक्कलकोटातल्या एका धर्मशाळेला चादरी हव्या होत्या, आणि चादरीच्या मध्यावर मोठ्या अक्षरांत 'धर्मशाळा' असं विणून हवं होतं. कारण उघड होतं. भाविक मंडळी येताना पापं घेऊन यायची, ती तिथं ठेवायची, आणि जाताना हात रिकामे नकोत म्हणून चादर घेऊन जायची. नाव विणलेली चादर घरी अंथरायला जरा तरी लाज वाटेल, असा व्यवस्थापकांचा अंदाज. काम जावईबापूंना मिळत होतं, माग असेल तर.

मामंजींनी आढ्याकडे बघत बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाले, "देतो. पण पहिलाच माल परत आला, तर माग हितं माझ्याकडं परत. आणि जावईबापूंनी बी हितंच यायचं. न्हाणीकडच्या मागावर बसायचं, माझ्या नजरंखाली. तूबी ये, पोरंबी येतील. घर मोठं हाय."

ऐकायला किती मायेचं! घर मोठं हाय. दुपारी दोघी पत्ते ओवायला बसलो तेव्हा दाभण तसंच धरून वन्सं म्हणाल्या, "वहिनी, ह्या घरात मी बिऱ्हाड घेऊन आले ना, तर मला माहेर उरायचं न्हाय. मग पंचमीला मी जायचं कुटं? न्हाणीकडनं देवघराकडं?"

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या.

माग सुटा करून बांधायचा दिवस उगवला. मामंजींच्या अंगात आलं होतं. जेकार्डाच्या सांगाड्याच्या एका टोकाला त्यांनी गेरू फासला, दुसऱ्या टोकाला नीळ. पत्त्यांच्या माळेलाही तसंच. मग जावईबापूंना समोर उभं करून सांगितलं, "तांबडं टोक देवघराच्या बाजूला. निळं टोक न्हाणीच्या बाजूला. बास. डोकं चालवायचं न्हाय."

वन्संनी चालवलं. "अण्णा, उजवं-डावं सांगा की. तितं घर येगळं हाय."

"उजवं कुणाचं?" मामंजी म्हणाले. "तू हिकडं त्वांड केलंस की एक उजवं, तिकडं केलंस की दुसरं. देव काय त्वांड फिरवत हिंडत न्हाय. देवघर म्हंजे देवघर."

आमचे हे शेजारी उभं राहून सुतळीला गाठ मारत होते आणि मान डोलवत होते. वडिलांच्या बोलण्यावर मान डोलवणं हा ह्यांचा घरातला मुख्य व्यवसाय, विणकाम जोडधंदा. गोणपाटात बांधून सगळं ट्रकवर चढलं. जावईबापू वर बसून गेले, मांडीवर पत्त्यांची माळ, लेकरू धरावं तशी.

वन्संनीही त्याच ट्रकनं जायला हवं होतं. पण पंचमी तोंडावर आली होती. मामंजी म्हणाले, आता आलीयस तर सण करूनच जा. सण झाला. मग म्हणाले, पत्ते ओवायला हात कमी पडत्यात, आठवडाभर ऱ्हा. वन्संचा जीव तिकडे, हात इकडे. तिकडून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर जावईबापूंचा निरोप यायचा, माग बसला, सुरू झाला, झकास चाललाय. मामंजी निरोप ऐकून "हं" म्हणायचे. त्यांना झकास आवडत नसे.

माल द्यायचा दिवस आला तेव्हा कुठे वन्संना सोडलं. मामंजी म्हणाले, मीबी येतो, बघतो कसं झालंय. मला मठात दर्शनाला जायचं होतं, मीही निघाले. एसटीत मामंजींच्या पिशवीकडे माझं लक्ष गेलं. आत धोतर, पानाचा डबा, आणि काथ्याच्या नव्याकोऱ्या दोरीचं भलंमोठं भेंडोळं. वन्संनीही पाहिलं. माग बांधून आणायला लागते तेवढीच दोरी होती. बाप लेकीच्या घरी निघाला की खाऊ नेतो, तसं.

अक्कलकोटला पोचलो तर जावईबापू दारात. हसरे. आत बाजेवर चादरींचा ढीग, घड्या अशा घातलेल्या की दुकानदार लाजावा. पाणी प्यायच्या आधीच त्यांनी वरची चादर झटकून बाजेवर पसरली.

आम्ही तिघं वाकून बघायला लागलो.

शुभ्र चादर, त्यावर तांबडी ठसठशीत अक्षरं, आणि शब्द आरशात पाहावा तसा. पहिलं अक्षर शेवटी, शेवटचं पहिलं, आणि सगळ्यांची तोंडं भलतीकडे. दुसरी चादर उलगडली, तीही तशीच. सगळा ढीग तसाच.

"चेन्नागिदे?" जावईबापूंनी वन्संना कानडीत विचारलं. मग आमच्याकडे बघून मराठीत, "बरं आलंय न्हवं?" त्यांना अक्षर म्हणजे नक्षीच. नक्षीतला मोर कुणीकडे बघतोय ह्याची चौकशी कोण करतं!

मामंजींनी चष्मा चढवला आणि एकेक अक्षर बोटानं लावत मागून पुढे वाचलं. आयुष्यात इतक्या आनंदानं त्यांनी काही वाचलेलं मी पाहिलं नाही.

"जेकार्ड उलटं बसवलंय," त्यांनी वर बघून निकाल दिला. "तांबडं टोक कुटं सांगितलं हुतं मी?"

"देवघराकडं," जावईबापू म्हणाले. आणि बोट दाखवलं. भिंतीत कोनाडा होता, त्यात देव होते, समोर उदबत्ती जळत होती. तांबडं टोक बरोबर त्याच्या डोक्यावर. फक्त आमच्या घरी देवघर विणणाऱ्याच्या उजव्या हाताला होतं, आणि ह्यांचे देव बसले होते डाव्या हाताला. देवांनी कुठं बसावं हे त्यांना आधी कुणी कळवलं नव्हतं.

"आणि न्हाणी?" मी विचारलं, कारण त्या घरात न्हाणी मी कधी पाहिली नव्हती. ही मंडळी परसात दगडावर अंघोळ करायची.

जावईबापूंचा चेहरा खुलला. "नव्हती की. बांधली." आणि आम्हांला मागाच्या दुसऱ्या अंगाला नेऊन दाखवलं. भिंतीला लागून फरशी टाकलेली, तीन बाजूंनी पत्रे, कोपऱ्यात बादली. "अण्णांनी सांगितलं हुतं, निळं टोक न्हाणीकडं. मग न्हाणी पायजे न्हवं?"

माझ्या तोंडात पदर गेला. वन्संनी कपाळाला हात लावला, पण रागानं नाही. अशा माणसावर रागावणार कसं?

मामंजींनी पिशवीतून दोरी काढली. "सोडा माग," म्हणाले. "संध्याकाळपत्तुर टेंपो बघू."

वन्सं बाजेकडे गेल्या, चादरीची दोन टोकं धरली आणि ती उलटी टाकली.

आमची चादर दुहेरी विणीची. वर पांढऱ्यावर तांबडं, तर खालच्या अंगाला तांबड्यावर पांढरं. आणि त्या तांबड्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत शब्द सरळ उभा होता. धर्मशाळा. कुणीही वाचावा.

"ती उलटी बाजू हाय," मामंजी म्हणाले.

"वाचता येतंय ती सुलटी," वन्सं म्हणाल्या.

"गाठी बघ की! सगळ्या गाठी तिकडं आल्यात." हे मात्र खरं होतं. विणताना धागा तुटला की गाठ मारून खालच्या अंगाला सारायची, वरचं अंग स्वच्छ राहावं म्हणून. त्यामुळे ते तांबडं अंग चार दिवस दाढी न केलेल्या गालासारखं दिसत होतं.

"कातऱ्या आणा," वन्सं नवऱ्याला म्हणाल्या. आणि मला, "वहिनी, मठ कुटं जात न्हाय, बसा."

देव तरी तेवढे जागेवर असतात, हे मामंजींचं म्हणणं मला तेव्हा पटलं. बसले. तिघं जण गाठींची टोकं कातरायला लागलो. व्यवस्थापक दुपारी येणार होते. मामंजी बाजेच्या कडेला दोरीचं भेंडोळं मांडीवर घेऊन बसले, लग्नघरात रुसलेल्या व्याह्यासारखे. आम्ही कातरत होतो आणि ते बघत होते. थोड्या वेळानं त्यांना बघवेना.

"मुळापासनं नगं कापू! गाठ सुटंल, भोक पडंल."

मी थोडं वर कापलं.

"आता लई वर ऱ्हायलं. टोचंल की माणसाला."

मी आणखी थोडं कापलं.

"अगं, सूत हाय ते! कोथिंबीर निवडतीयस व्हय?"

"मग तुम्हीच दाखवा, मामंजी," मी म्हटलं. टोमणा म्हणूनच म्हटलं होतं. पण त्यांनी दोरी खाली ठेवली, माझ्या हातातली कातरी काढून घेतली आणि चादर गुडघ्यावर ओढली. विणकराच्या हातात वाईट काम टिकत नाही, मग ते काम त्याच्या विरुद्ध असलं तरी. अंगठ्यानं गाठ चाचपायची, टोक बोटात धरायचं, कच्च, की सपाट. तोंडानं चालू होतं, हे असलं काम माझ्या घरात चालत न्हाय, असला माल मी दारात ठिवला नसता. हात मात्र आम्हां तिघांच्या पुढे धावत होते. वन्संनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. बोललं तर बाप थांबला असता.

व्यवस्थापक आले तेव्हा शेवटच्या चादरीची घडी पडत होती, तांबडं अंग वर. गृहस्थ जाडजूड, छत्री आत घेऊन आलेले. चादर उलगडली, शब्द वाचला, हात फिरवला. मग कपाळाला आठी.

"आपलं बोलणं पांढऱ्यावर तांबडं असं झालं होतं."

जावईबापूंनी तोंड उघडलं. ते खरं सांगणार ह्यात मला शंका नव्हती. वन्संनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, पाहुण्यांना द्या म्हणून.

"पांढरं हायच की खाली," वन्सं म्हणाल्या. "पन पांढऱ्यावर यात्रेकरू निजले, तर दुसऱ्या दिवशी धुनार कोन? पाय काय धुवून निजत्यात सगळे?"

गृहस्थ विचारात पडले. पाय, चिखल आणि धोबी असा सगळा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मामंजी खाली बघत कातरीची धार तपासत होते. त्यांनी तेव्हा तोंड उघडलं असतं तर सगळं संपलं असतं. एकच वाक्य पुरे होतं. ते त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलंही.

"गाठी बघा," मामंजी म्हणाले. "हात फिरवा. कुटं लागतीय का सांगा."

व्यवस्थापकांनी पुन्हा हात फिरवला. कुठं लागत नव्हती. "बरंय," ते म्हणाले. "मळणार नाही, हे बरंय. पुढच्याही अशाच करा, तांबड्या अंगानं."

ते गेल्यावर वन्संनी कातरलेली टोकं झाडून गोळा केली. जावईबापू म्हणाले, "चहा करू?" आणि मामंजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्या मुद्दामच तसं बांधून दिलं हुतं. तांबडं अंग वर यावं म्हणून."

आमचे हे तिथं असते तर मान डोलली असती.

निघताना मामंजी दोरी शोधायला लागले. वन्संनी ती परसात ह्या झाडापासून त्या झाडापर्यंत ताणून बांधली होती, वर धुणं वाळत होतं. "नवी हाय ती," मामंजी म्हणाले. "व्हय की," वन्सं म्हणाल्या, "चांगली हाय." विषय संपला.

जेकार्ड मात्र वन्संनी पुढे फिरवून सरळ करून घेतलं, धर्मशाळेसाठी तांबडं सूत वरच्या अंगाला घेतलं, आणि नवऱ्याला कानडीत पाठ करून घेतलं, तांबडं म्हणजे बलगै, निळं म्हणजे एडगै. उजवा हात, डावा हात, मागावर बसणाऱ्याचा. देव कुठंही बसोत. मामंजींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि बसनारा उठला, मग?"

"मग पुन्ना बसंल की," वन्सं म्हणाल्या. मामंजींना हे शेवटपर्यंत पटलं नाही. ती न्हाणी मात्र तशीच राहिली, आणि पुढे अक्कलकोटला गेले की त्या घरात अंघोळीची सर्वांत जास्त सोय मामंजींनीच भोगली.

एवढं सांगून होईतो नातीचा फोन पुन्हा वाजला. बंगळूरच्या लोकांनी म्हणे डोकं लढवून त्यांच्या कॉम्प्युटरवर हिच्या नावाचा एक फोल्डर तयार केला होता, आणि आता सगळं झकास चालत होतं. हिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"न्हाणी बांधली म्हण," मी म्हटलं.

मग ती निमूटपणे बसली आणि गाठोडं पुन्हा नीट बांधलं. जिथं बसवतील तिथून मोजायचं, असं त्या अवजाराला सांगितलं म्हणाली. मी विचारलं, उजव्या हातानं का? तर म्हणाली, तसंच काहीसं, आज्जी.

वन्सं त्यानंतर दर पंचमीला माहेरी आल्या. मेंदी, झोका, पुरणाची दिंडं, सगळं झालं की दुसऱ्या दिवशी पिशवी भरायच्या. मामंजी दरवेळी म्हणायचे, आठवडाभर ऱ्हा, पत्ते ओवायचे पडल्यात.

"माझे तिकडं पडल्यात," वन्सं म्हणायच्या, आणि एसटीला जायच्या.